कढीपत्त्यावरचा बहुरूपी

डोंबिवलीच्या गॅलरीत, ग्रिलच्या आत ज्या तीन-चार कुंड्या मावतात, त्यांत तुळस आणि कढीपत्ता या दोन ठरलेल्या. पावसाळ्यात एखाद्या सकाळी फोडणीसाठी डहाळी तोडायला जावं, तर पानावर चिमणीनं घाण केलेली दिसते. काळपट, मध्ये पांढरी, ओलसर. झटकायला बोट पुढे करावं तर ती घाण मान वर करते आणि डोक्यामागून दोन लालभडक शिंगं बाहेर काढते. सोबत एक उग्र, आंबूस वास. ही अळी. काही दिवसांत कात टाकत ती हिरवीगार होते आणि झाडाची शेंड्याची पानं फस्त करते. बहुतेक घरांत इथेच तिची गोष्ट संपते, कारण तिला कागदावर घेऊन खाली सोसायटीच्या आवारात टाकलं जातं.

मी एका वर्षी टाकली नाही. रिकाम्या बरणीच्या तोंडाला सुती फडकं बांधलं, रोज ताजा पाला घातला. एकाच झाडावरच्या पाच अळ्या. दोन आठवड्यांनी कोष झाले, आणखी दहाएक दिवसांनी एका सकाळी बरणीत दोन फुलपाखरं पंख वाळवत बसली होती. एक काळं, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. दुसरंही काळं, पण मागच्या पंखांच्या मधोमध पांढरा डाग आणि कडेला लाल चंद्रकोरी. दोघं एकमेकांचे कुणी लागत असतील असं अजिबात वाटत नव्हतं. आई म्हणाली, "तू कुठली तरी दुसरीच अळी उचलून आणलीस बघ."

आणली नव्हती. दोन्ही फुलपाखरं एकाच जातीची होती. पहिला नर, दुसरी मादी. आणि ही मादी नरासारखी का दिसत नाही, या एका प्रश्नात आनुवंशिकतेचं आणि लैंगिक निवडीचं बरंचसं शास्त्र दडलेलं आहे. म्हणून या प्रकरणात मी वाटाणे आणि मोर यांच्याऐवजी कढीपत्ता निवडला. वाटाणे येतीलच अधूनमधून.

या फुलपाखराचं शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिटीस, इंग्रजी नाव कॉमन मॉर्मन. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाच्या बहुपत्नीत्वाची फार चर्चा होती. या नराच्याही तऱ्हेतऱ्हेच्या बायका दिसतात, म्हणून कुणीतरी थट्टेनं नाव ठेवलं आणि ते चिकटलं. नाव ठेवणाऱ्याचं लक्ष नवऱ्याकडे होतं, पण खरी गंमत बायकांची आहे. आपण या प्रकरणापुरतं तिला बहुरूपी म्हणू.

कारण ती खरोखर सोंग घेते. आपल्याकडे तिची तीन रूपं सापडतात. एक हुबेहूब नरासारखं. दुसरं, माझ्या बरणीतलं, कॉमन रोझ नावाच्या फुलपाखराची नक्कल. तिसरं क्रिमझन रोझची. ही दोन्ही रोझ फुलपाखरं अळी असताना सापसंद, म्हणजे ईश्वरीच्या वेलीवर वाढतात. त्या वेलीतलं विष अळीच्या अंगात साठतं आणि फुलपाखरातही उरतं. एखाद्या पक्ष्यानं एकदा चोच मारली की तोंड असं कडू होतं की पुढे लाल-काळं दिसलं तरी तो वाट बदलतो. कढीपत्त्यावर आणि लिंबावर वाढलेल्या बहुरूपीत असलं विष नाही. ती पक्ष्याच्या दृष्टीनं चविष्टच आहे. तिच्याकडे फक्त वेष आहे, दारात दंडुका आपटत उभ्या राहणाऱ्या नकली पोलिसासारखा.

निरुपद्रवी प्राण्यानं विषारी प्राण्याचं सोंग घ्यायचं, ही कल्पना हेन्री बेट्स यांनी १८६२ साली ॲमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून मांडली. मग सगळ्याच माद्यांनी सोंग का घेऊ नये? याचं उत्तर आपल्या गावातल्या बहुरूप्याला विचारा. एका आळीत वर्षातून एकदा नकली फौजदार आला तर लोक क्षणभर दचकतात, मग हसून पैसे देतात. रोज चार आले तर पोरंसुद्धा हुसकून लावतील. नकली मॉर्मन खऱ्या रोझपेक्षा जास्त झाल्या, तर पक्ष्यांना गोड घासच जास्त मिळणार आणि लाल रंगाचा धाक संपणार. म्हणून सोंगाचा फायदा ते विरळ असेपर्यंतच. साध्या वेषातल्या माद्याही त्यामुळे टिकून राहतात.

इथपर्यंत सोपं आहे. अवघड पुढे आहे.

आल्फ्रेड रसेल वॉलेस आठ वर्षं मलाया-इंडोनेशियाच्या बेटांवर फिरले आणि तिथल्या या फुलपाखरांवरचा त्यांचा निबंध १८६५ साली छापून आला. आधीच्या अभ्यासकांनी या वेगवेगळ्या माद्यांना वेगवेगळ्या जाती समजून नावंही देऊन टाकली होती. वॉलेस यांनी दाखवलं की या सगळ्या एकाच नराच्या जातीतल्या. पण त्या काळची आनुवंशिकतेची समजूत चहा-दुधाची होती. आई आणि बाप यांचे गुण मिसळायचे आणि मधला रंग तयार व्हायचा. तसं असेल तर लाल चंद्रकोरीवाली मादी आणि पांढऱ्या ठिपक्यांचा नर यांच्या लेकी मधल्याच कुठल्या तरी फिकट रंगाच्या व्हायला हव्यात. तशा होत नाहीत. एका आईच्या काही लेकी पूर्ण आईसारख्या, काही पूर्ण बापासारख्या, मध्ये काही नाही. आणि मुलगे मात्र सगळे बापासारखेच.

योगायोग असा की त्याच १८६५ साली ब्रून शहरातल्या मठातले ग्रेगोर मेंडेल आपले वाटाण्याचे प्रयोग तिथल्या निसर्गमंडळापुढे वाचून दाखवत होते. गोल दाण्याचा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. सुरकुती गेली म्हणावं, तर दुसऱ्या पिढीत ती परत हजर. ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळजवळ तीनास एक. मेंडेल यांचं उत्तर असं की गुण मिसळत नाहीत. प्रत्येकाकडे एका गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दोन्ही वेगळ्या असल्या तर प्रभावी प्रत दिसते, अप्रभावी गप्प बसते. पण ती पुसली जात नाही. पुढच्या पिढीला देताना दोनांतली कोणतीही एक जाते, नाणं उडवल्यासारखी. चहात दूध घातलं की ते वेगळं काढता येत नाही. कपाटात ठेवलेला दस्तऐवज मात्र तसाच्या तसा नातवाच्या हाती लागतो.

डार्विन आणि वॉलेस या दोघांनाही हे कधी नीट कळलं नाही. मेंडेल यांचं काम १९०० साली पुन्हा उजेडात आलं, तेव्हा मेंडेल आणि डार्विन दोघंही हयात नव्हते.

बहुरूपीवर हा हिशेब लावला तो जे. सी. एफ. फ्रायर यांनी. त्यांनी सिलोनमध्ये ही फुलपाखरं पिढ्यान्‌पिढ्या पाळली आणि १९१३ साली वंशावळीसकट निष्कर्ष छापले. पुढे लिव्हरपूलच्या सिरिल क्लार्क आणि फिलिप शेपर्ड यांनी ते पक्के केले. सोंगाची प्रत साध्या प्रतीवर प्रभावी असते. समजा आईकडे एक सोंगाची, एक साधी प्रत आहे आणि बापाकडेही तशीच जोडी आहे. त्यांच्या चार लेकींपैकी सरासरी तीन सोंग घेणार, एक नरासारखी दिसणार. पुन्हा तेच तीनास एक. आणि चार मुलगे? त्यांच्यातही सरासरी तिघांच्या अंगात सोंगाची प्रत असणार, पण पंखांवर त्याचा मागमूस नाही. नर हा कागद आयुष्यभर बाळगतो आणि न वाचता लेकीच्या हाती देतो. माझ्या बरणीतल्या काळ्या नराकडे नुसतं पाहून त्याच्या लेकी कशा निघतील हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

हा क्लार्क नावाचा गृहस्थ पेशानं डॉक्टर. फुलपाखरं हा त्याचा छंद. फुलपाखरांतलं हे एकगठ्ठा चालत येणारं आनुवंशिक सामान बघता बघता त्याचं लक्ष माणसाच्या आरएच रक्तगटाकडे वळलं, कारण तिथेही वारशाची तशीच गुंतागुंत होती. त्यातून १९६० च्या दशकात लिव्हरपूलमध्ये, आणि स्वतंत्रपणे न्यूयॉर्कमध्ये, अँटी-डी इंजेक्शन तयार झालं. आज कल्याणच्या किंवा ठाण्याच्या कुठल्याही प्रसूतिगृहात आरएच निगेटिव्ह आईला पॉझिटिव्ह बाळ झालं की बहात्तर तासांच्या आत ते देतात, म्हणजे पुढच्या बाळाच्या रक्तावर आईचं शरीर उलटत नाही. फुलपाखरांमागे धावणाऱ्याला आपल्याकडे रिकामटेकडा म्हणतात. म्हणोत.

आरएचचंही गणित वाटाण्याचंच. पॉझिटिव्ह प्रभावी, निगेटिव्ह अप्रभावी. नवरा-बायको दोघंही पॉझिटिव्ह आणि मूल निगेटिव्ह, असा रिपोर्ट आला की काही घरांत नको त्या कुजबुजी सुरू होतात. त्यात कुजबुजण्यासारखं काही नाही. दोघांच्याही कपाटात एकेक गप्प प्रत होती, दोन्ही बाळाला मिळाल्या, इतकंच.

गप्प प्रतीचा याहून गंभीर हिशेब कल्याणच्या पलीकडच्या स्टेशनांवर रोज पाहायला मिळतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा मिळाली आणि १९४९ साली त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. सिंधी समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचं प्रमाण सरासरीपेक्षा जास्त आहे. नुसतं सिंध्यांतच नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत देशाची सरासरी ३ ते ४ टक्के दिली आहे, आणि ४ ते १७ टक्क्यांच्या यादीत सिंधी, पंजाबी, लोहाणा यांच्या जोडीला आपले कोळी आणि सारस्वतही आहेत. हिमोग्लोबिनच्या एका जनुकाची एक प्रत बिघडलेली असली तर माणूस धडधाकट असतो. फार तर जरा फिकट दिसतो, लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वर जात नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता अशी की बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतील आणि त्याला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागेल. ही शक्यता प्रत्येक वेळी नव्यानं मोजायची. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो.

छत्तीस गुणांपैकी अठ्ठावीस जुळले म्हणून पेढे वाटणाऱ्या मंडळींनी पत्रिकेसोबत एचबीए-टू या रक्ततपासणीचा कागदही मागायला हरकत नाही. गुण जुळण्याचं प्रमाणपत्र तोच कागद जास्त खरं देतो. हे माझं मत. ज्योतिषी रागावतील.

आता दुसरी बाजू. जोडीदार निवडणारा हे कपाटातले कागद वाचत नाही. त्याला समोर दिसतं ते पाहून ठरवावं लागतं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात काय होतं हे वाचकांना सांगायला नको. निसर्गात बहुतेक ठिकाणी पोहे नर करतो आणि पसंती मादी देते. कळव्या-ऐरोलीकडच्या खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडला की बोटाच्या पेराएवढे खेकडे बिळांतून बाहेर येतात. नराची एक नांगी अंगाच्या मानानं भलतीच मोठी. जेवायला तिचा काडीचा उपयोग नाही, उलट एका हातानं जेवावं लागतं. पण ती वर-खाली हलवत तो मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला दरडावतो. असा गैरसोयीचा, खर्चीक अवयव टिकतो कसा, याचं उत्तर डार्विन यांनी १८७१ साली दिलं. जगण्याच्या शर्यतीत जो अडथळा ठरतो, तो जोडीदार मिळवण्याच्या शर्यतीत फायद्याचा असला तर पुढच्या पिढीत उतरतो. हीच लैंगिक निवड.

आपल्याकडे याचा सर्वांत सुंदर अभ्यास झाला तो अलिबागजवळच्या किहीमला. सलीम अली यांनी तिथे बाया पक्ष्यांची वसाहत दिवसचे दिवस पाहिली आणि १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात निरीक्षणं छापली. मराठीत आपण या पक्ष्याला सुगरण म्हणतो आणि ते लोंबते खोपे बाईमाणसाच्या हातचे समजतो. खोपा विणतो तो नर. अर्धा झाला, आतली पट्टी घालून झाली की तो पंख फडफडवत ओरडत राहतो. माद्या येतात, आत शिरतात, बघतात, निघून जातात. एखादीला पसंत पडलं की ती मुक्काम टाकते, नर उरलेला बोगदा पुरा करतो आणि शेजारच्या फांदीवर दुसरा खोपा सुरू करतो, दुसरीसाठी. नापसंत खोपे अर्धवट लोंबत राहतात. भाषेनं कर्तृत्व सुगरणीच्या नावावर केलं. तिचं खरं काम सँपल फ्लॅट बघायला आलेल्या गिऱ्हाइकाचं, आणि ते ती फार चोख करते.

आता या चष्म्यातून पुन्हा बहुरूपीकडे पाहू. खेकड्यात आणि बायात नर नटतो. इथे नटलेली मादी आहे आणि नर साधा. सोंगानं जीव वाचतो तर नरानं ते का घेतलं नाही?

यावर डार्विन आणि वॉलेस या दोन मित्रांचं कधी जमलं नाही. वॉलेस यांचं म्हणणं होतं की सगळा भार संरक्षणाचा. पोटात अंडी घेऊन संथ उडणारी, पानापानावर थांबत एकेक अंडं घालणारी मादी पक्ष्याला सहज सापडते. नराला पळता येतं. म्हणून गरज तिला, वेषही तिला. डार्विन यांच्या बाजूनं थॉमस बेल्ट यांनी १८७४ साली वेगळी बाजू दाखवली. नर वेष बदलेल, पण मग मादी त्याला ओळखणार नाही. तिला जुन्या ठिपक्यांचाच नवरा पटतो. म्हणजे नर साधा राहिला तो तिच्या आवडीपायी.

शंभर-सव्वाशे वर्षं हा वाद तर्कावर चालला. मग कुणी मोजायला बसलं. १९९५ साली नाओता ओहसाकी या जपानी शास्त्रज्ञानं फुलपाखरांच्या पंखांवर राहिलेल्या चोचींच्या खुणा मोजल्या. चविष्ट जातींत माद्यांवर हल्ले नरांपेक्षा जास्त होत होते. गुण वॉलेस यांना. नंतर कृष्णमेघ कुंटे यांनी २००८ साली या फुलपाखरांच्या कुळाचा वंशवृक्ष समोर ठेवून पाहिलं, की नर-मादीतला फरक पडला तेव्हा मूळ रूप नेमकं कुणी सोडलं. सोडलं ते माद्यांनी. नर आजोबांच्याच पंखांत वावरत होते. पुन्हा गुण वॉलेस यांना. पण माद्या का बदलल्या याचं उत्तर मिळालं म्हणून नर का बदलले नाहीत याचं आपोआप मिळत नाही. तिथे बेल्ट यांची मादी आणि तिची आवड अजून जागा राखून आहेत. मला स्वतःला दोघंही थोडे थोडे बरोबर वाटतात.

कुंटे हे नाव फुलपाखरं पाहणाऱ्या मराठी माणसांना नवं नाही. द्वीपकल्पीय भारतातल्या फुलपाखरांवरचं त्यांचं २००० सालचं पुस्तक येऊरच्या आणि माळशेजच्या पायवाटांवर कितीतरी पाठपिशव्यांतून फिरलं आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात काम करणाऱ्या कुंटे यांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसोबत २०१४ साली 'नेचर'मध्ये बहुरूपीचा तो कागद अखेर उलगडून दाखवला. तोपर्यंत समजूत अशी होती की पांढरा डाग, लाल चंद्रकोर वगैरेंची वेगवेगळी जनुकं शेजारी शेजारी घट्ट बांधलेली असणार. निघालं एकच जनुक, डबलसेक्स. कीटकांत हे जनुक नर-मादीचं शरीर घडवतं. ते नराच्या अंगात एका पद्धतीनं वाचलं जातं, मादीच्या अंगात दुसऱ्या. सोंगाची प्रत गुणसूत्रावर उलटी बसलेली आहे. उलटा तुकडा जोडीतल्या सुलट्या तुकड्याशी अदलाबदल करू शकत नाही, त्यामुळे वेषाचे सगळे बारकावे एकत्र राहतात. लाल चंद्रकोर आहे पण पांढरा डाग नाही, असा अर्धवट फौजदार तयार होत नाही.

आणि नर-मादी ठरवणाऱ्या जनुकावरच वेष बसवलेला असल्यामुळे बापाच्या अंगात तो मुका राहतो आणि लेकीच्या अंगात बोलतो. वॉलेस यांना १८६५ साली पडलेल्या कोड्याचं उत्तर दीडशे वर्षांनी असं सापडलं.

बहुरूपी पाहायला फार लांब जावं लागत नाही. घोडबंदर रस्त्यावर ओवळा गावात ओवळेकर वाडीचं फुलपाखरू उद्यान आहे, येऊर आहे, आणि काहीच जमलं नाही तर गॅलरीतला कढीपत्ता आहे. अळी दिसली तर चार पानं तिला खाऊ द्या, झाड पुन्हा फुटतं. लाल-काळं फुलपाखरू समोर आलं की खरं कोण, नकली कोण हे ओळखायला पंखांकडे बघू नका, तिथे पक्षीसुद्धा फसतात. धड बघा. खऱ्या रोझचं धड लाल असतं. बहुरूपीचं काळं.